नाताळात लंडन: चारला अंधार, पंचवीसला शुकशुकाट

प्रश्न: आम्ही नेदरलँड्समध्ये राहतो. डिसेंबरात नाशिकहून सासू-सासरे येणार आहेत. 23 ते 27 डिसेंबर लंडनला जायचा विचार आहे. मुलं 8 आणि 12 वर्षांची आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात. मुलांनी वीस ठिकाणांची यादी केलीय. काय ठेवू, काय गाळू?

उत्तर: यादी राहू दे बाजूला, आधी तारखांचं बघू. नाताळाच्या ऐन दिवसांत लंडन नटलेलं असतं हे खरं, पण 25 डिसेंबरला तिथे मेट्रो नाही, बस नाही, रेल्वे नाही. तुमच्याकडून लंडनला जाणारी युरोस्टार रेल्वेही त्या दिवशी बंद. ब्रिटिश म्युझियम, सायन्स म्युझियम आणि नॅचरल हिस्टरी म्युझियम 24 ते 26 असे तीन दिवस बंद असतात. म्हणजे तुझ्या पाच दिवसांतले तीन दिवस मुलांच्या यादीतली निम्मी दारं लावलेली! चार दिवस अलीकडे सरकता आलं तर सरक. रोषणाई तीच असते आणि सगळं चालूही असतं.

व्हिसाचंही आत्ताच बघ. नेदरलँड्ससाठी काढलेला शेंगेन व्हिसा ब्रिटनला चालत नाही. सासू-सासऱ्यांना ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागेल आणि तुमचे पासपोर्ट भारतीय असतील तर तुम्हालाही. डच पासपोर्ट असले तर ईटीए, म्हणजे प्रवासाआधीचा ऑनलाइन परवाना काढायचा, मुलांचासुद्धा. एका व्हिसासाठी दिलेला पासपोर्ट परत येईपर्यंत दुसरा अर्ज अडकून पडतो, तेव्हा नाशिककरांना लवकर कामाला लाव.

आता दिवसांची आखणी. डिसेंबरात लंडनला आठनंतर उजाडतं आणि चारच्या आत सूर्य मावळतो. आठ तासही उजेड नाही. आपण सुट्टीत नाश्ता, अंघोळी, आजोबांची गोळी, हरवलेला मोजा असं करत अकराला बाहेर पडतो. मग मुलांनी दिवसाउजेडी पाहायचं काय? म्हणून सकाळी उघड्यावरचं एकच ठिकाण, दुपारी छपराखालचं एक आणि अंधार पडला की दिवे. वीसची यादी सहा-सातवर येईल. मुलं कुरकुरतील, कुरकुरू दे.

दुपारसाठी माझं पहिलं मत नॅचरल हिस्टरी म्युझियमला. प्रवेश फुकट आहे, पण वेळेचं फुकट तिकीट आधी काढून ठेव, म्हणजे थंडीत रांग नको. मुख्य दालनात छताला 25 मीटर लांबीच्या निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलाय. हा देवमासा 1891 साली आयर्लंडच्या किनाऱ्याला लागला होता. 2017पर्यंत तिथे डायनासोर उभा होता, आता हा. मुलांना तिथे सोडलं तरी आजी-आजोबा बाकावर बसून वर बघत राहतील. सायन्स म्युझियम शेजारीच आहे, पण दोन्ही एका दिवशी नको. मी एकदा तो हट्ट केला होता. संध्याकाळी मुलांपेक्षा मीच जास्त रडकुंडीला आले.

क्यू गार्डनला रात्रीची दिव्यांची वाट असते. ती महाग, तिकिटंही भराभर संपतात. सासूबाईंना झाडांची आवड असेल तर मी दिवसाच नेईन. तिथलं पाम हाऊस हे काचघर एकोणिसाव्या शतकातलं. आत शिरताच चष्म्यावर वाफ धरते, समोर केळी, नारळ, कोको. बाहेर नाक गोठवणारी थंडी आणि आत कोकण!

संध्याकाळी ट्रॅफलगर चौकातलं नाताळाचं झाड दाखव. दुसऱ्या महायुद्धातल्या मदतीची आठवण म्हणून ऑस्लो शहर 1947पासून दरवर्षी ते लंडनला पाठवतं. झगमगाटाची अपेक्षा ठेवू नका, अगदी साधे उभे दिवे असतात. मला ते हाईड पार्कच्या नाताळी जत्रेपेक्षा आवडतं. त्या जत्रेत पाळण्यापाळण्याला वेगळे पैसे पडतात. मुलांसाठी खर्च करायचाच तर पँटोमाइम बघा. आपल्या बालनाट्यासारखंच: खलनायक मागून आला की अख्खं थिएटर ओरडून नायकाला सावध करतं. इंग्रजी कळो न कळो, आजोबाही ओरडतील.

गुडघ्यांसाठी मेट्रोपेक्षा बस बरी. निम्म्याहून जास्त मेट्रो स्थानकांवर रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्ट नाही. बस मात्र खालच्या पायरीची आणि एका भाड्यात तासाभरात हव्या तितक्या बदलता येतात. प्रत्येक मोठ्या माणसाला स्वतःचं वेगळं कार्ड हवं, एकाच कार्डावर दोघं जात नाहीत. आठ वर्षांचं लेकरू तुमच्याबरोबर फुकट. बारावाल्यासाठी ऑयस्टर कार्ड (मेट्रो-बसच्या भाड्याचं कार्ड) घे आणि स्थानकावरच्या माणसाला त्यावर 'यंग व्हिजिटर' सवलत चढवायला सांग.

आणि तारखा हलणारच नसतील तर? मग हॉटेल प्रिमरोझ हिलच्या आसपास घे, कारण 25 तारखेला पायी जाता येईल तेवढंच लंडन तुमचं. टेकडी छोटी आहे, वरून सगळं शहर दिसतं. सासूबाईंना चढ नको असेल तर त्या खालीच बसतील. जवळच किंग हेन्रीज रोडवर 10 नंबरचं घर आहे. लंडनला शिकत असताना 1921-22मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. 2015मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. आत जायचं असेल तर वेगळ्या दिवशी, वेळ बघून जा. पण दारावरची निळी पाटी नाताळाच्या दिवशीही वाचता येते. रस्त्यावर चिटपाखरू नसतं, फोटोत मध्ये कोणी येत नाही.

त्या दिवशी मोठी सुपरमार्केटं कायद्यानेच बंद असतात आणि उघड्या रेस्टॉरंटांतल्या जागा बरेच दिवस आधी भरतात. 24च्या दुपारपर्यंत दूध, ब्रेड, फळं आणून ठेव. खोलीत किटली आहे का ते बुकिंग करतानाच विचार. सासऱ्यांना सकाळी सहाला चहा लागत असणार.