वाचकांचे प्रश्न : अक्षरांना शेपट्या का फुटतात?

प्रश्न : आमच्याकडे जुनं ३५ एमएमचं प्रोजेक्टर मशीन आहे. लॅम्प बदलला, लेन्स पुसली, फोकस पण परफेक्ट, तरी पांढऱ्या टायटल्सच्या अक्षरांना वरच्या बाजूला धुरकट शेपट्या दिसतात. लेन्स गेली का?

उत्तर : लेन्सला उगाच बदनाम करू नका, तुमचं शटर (उजेड झाकणारं फिरतं पातं) टायमिंगमधून हललंय. फिल्म गेटमधून, म्हणजे लेन्समागच्या खिडकीतून, एकसारखी सरकत असते असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नसतं, ती सेकंदाला २४ वेळा थांबते आणि २४ वेळा ओढली जाते. हे काम माल्टीज क्रॉसचं. चार खाचांचा हा क्रॉस, त्याच्या शेजारी पिनवालं चाक सतत फिरतंय, पिन खाचेत शिरली की क्रॉस पाव फेरा फिरतो, बाहेर पडली की जागच्या जागी लॉक. क्रॉसच्याच शाफ्टवर १६ दात्यांचं स्प्रॉकेट (फिल्म ओढणारं दातेरी चाक) असतं, पाव फेरा म्हणजे ४ दाते आणि एका फ्रेमला फिल्मच्या कडेची भोकंही ४च, म्हणजे बरोब्बर एक फ्रेम खाली येते. या सरकण्याला मिळतो सेकंदाचा साधारण ९६वा भाग, आणि तेवढ्यात शटरच्या पात्यानं उजेड पूर्ण झाकायला हवा. (दुसरं पातं कशाला? तर थांबलेल्या फ्रेमलाच मध्ये एकदा झाकायला, म्हणजे २४चे ४८ झोत होतात आणि डोळ्याला फडफड जाणवत नाही. यात जवळजवळ अर्धा उजेड वाया जातो, पण इलाज नाही.)

आता तुमच्या मशीनमध्ये पातं उशिरा येतंय, फिल्म हलायला लागली तरी उजेड चालूच. फिल्म खाली सरकते पण लेन्स चित्र उलटं करते, म्हणून पडद्यावर ओघळ वर जातो. शेपटी खाली असती तर शटर लवकर उघडतंय असं समजायचं, आणि दोन्हीकडे असेल तर मात्र गिअर झिजलेत का किंवा पातं अरुंद पडतंय का ते बघावं लागेल. लॅम्प बंद ठेवून, टाकाऊ फिल्म लावून मशीन हातानं हळूहळू फिरवा. फिल्म हलायच्या आधी पातं पूर्ण आडवं आलं पाहिजे, आणि ती थांबल्यावरच बाजूला झालं पाहिजे. बऱ्याचदा शटरचा स्क्रूच ढिला झालेला असतो. आणि चांगल्या प्रिंटवर प्रयोग नकोत, प्लीज.

प्रश्न : त्याच मशीनवर ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. प्रिंटच खराब आहे का?

उत्तर : प्रिंट बहुतेक ठीक असेल, गेटखालचा लूप, म्हणजे फिल्मचा ढिला सोडलेला वळसा, मोठा सोडलाय तुम्ही. गेटमध्ये फिल्म थांबत थांबत जाते, पण साउंड हेडवर (आवाज वाचणाऱ्या भागावर) ती एकसारखीच जायला हवी, नाहीतर आवाज थरथरेल. म्हणून दोन्हीच्या मध्ये ढिला लूप ठेवतात, धक्के तिथेच जिरतात. चित्र आणि आवाज एकाच जागी वाचता येत नाहीत, त्यामुळे ३५ एमएममध्ये आवाज चित्राच्या २० फ्रेम पुढे छापलेला असतो, १६ एमएममध्ये २६. लूप मोठा झाला की हे अंतर वाढतं आणि आवाज मागे पडतो, लहान झाला की तो ओठांच्या आधी येतो. लीडरवर (रिळाच्या सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवर) मेणाच्या पेन्सिलीनं एका फ्रेमला खूण करा, ती गेटमध्ये बसवा आणि तिथून साउंड हेडच्या ड्रमपर्यंत फ्रेम मोजा, अंदाजपंचे काम नको. एक गंमत म्हणजे आवाजाला १४ मीटर जायला साधारण एका फ्रेमइतका वेळ लागतो, म्हणून लांबलचक हॉलमध्ये काही ऑपरेटर मुद्दाम लूप थोडा आखूड ठेवतात, आणि ते चूक नाही.

प्रश्न : जुन्या सिनेमात मधूनच उजव्या कोपऱ्यात वर ठिपका चमकतो, तो काय?

उत्तर : रीळ बदलायची खूण. २००० फुटांचं रीळ जेमतेम २२ मिनिटं चालतं, त्यामुळे दोन मशीन आळीपाळीनं चालवायची. पहिला ठिपका रीळ संपायच्या सुमारे ८ सेकंद आधी येतो, तेव्हा दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची, आणि शेवटच्या सेकंदाला दुसरा ठिपका दिसला की चित्र आणि आवाज तिकडे वळवायचे. डिजिटल कॉपी थिएटरच्या प्रिंटवरून स्कॅन केलेली असेल तर हे ठिपके तिच्यातही येतात.