मेकॅनिकल झाल्यावर एरोस्पेसला जाता येतं का?

प्रश्न: नमस्कार सर, मी पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मला एरोस्पेसमध्येच मास्टर्स करायचंय. बाबा म्हणतात ब्रँच बदललीस तर सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल, मैत्रिणी म्हणतात सरळ अमेरिकेला जा. आणि थिसिस घ्यावा की नुसते कोर्स करावेत?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: बाबांना आधी सांग की पहिल्यापासून काही शिकावं लागत नाही. थर्मो, फ्लुइड, स्ट्रेंथ, व्हायब्रेशन हे सगळं तुझं झालेलंच असतं, नवीन म्हणजे मुख्यतः फ्लाइट मेकॅनिक्स आणि हाय स्पीड एरोडायनॅमिक्स, ते सुट्टीत वाचायला घेतलंस तरी जमेल. आयआयटी मुंबईत एरोस्पेसच्या एमटेकला एरोडायनॅमिक्स, कंट्रोल, प्रोपल्शन, स्ट्रक्चर्स अशा वेगवेगळ्या वाटा आहेत, त्यातलं तुला नक्की काय आवडतं ते आधी ठरव, कारण नुसतं "एरोस्पेस करायचंय" म्हणून गेलेली मुलं पहिल्या सेमिस्टरलाच गोंधळतात हो.

एमटेकच्या प्रवेशासाठीची गेट परीक्षा फेब्रुवारीत असते, तिसऱ्या वर्षालाही देता येते, स्कोर ३ वर्षं चालतो, म्हणजे एक वर्ष नोकरी केलीस तरी वाया जात नाही. पेपर मेकॅनिकलचा द्यायचा की एरोस्पेसचा हे मात्र जिथे जायचंय तिथलं माहितीपत्रक बघूनच ठरव. गेटवर प्रवेश मिळाला तर महिन्याला १२,४०० रुपये मिळतात, त्या बदल्यात लॅब, ट्युटोरियल असं काम करावं लागतं. आणि लांबच जायला पाहिजे असंही नाही, आपल्या पुण्यातच गिरीनगरला डीआरडीओची, म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेची, डीआयएटी ही शिक्षणसंस्था आहेच की!

अमेरिकेत एमएस साधारण ३० क्रेडिटचं असतं. थिसिसवाल्यांचे त्यातले काही क्रेडिट संशोधनाचे असतात, थिसिस न घेणारे नुसते कोर्सच करतात आणि बरेचदा लवकर सुटतात. पीएचडीचा थोडा जरी विचार असेल तर थिसिसच घे, कारण पुढे क्वालिफायिंग परीक्षा आणि प्रबंध आहेच, आणि एखादा प्रश्न वर्षभर धरून ठेवायची सवय कोर्समधून लागत नाही, हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

पण एक गोष्ट मैत्रिणी सांगणार नाहीत. तिथले रॉकेट आणि संरक्षणाशी संबंधित बरेचसे जॉब आयटार नावाच्या निर्यात नियमांमुळे (परदेशी माणसाला संरक्षण तंत्रज्ञानाची माहिती देण्यावरही ते बंधन घालतात) मुख्यतः नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळतात, व्हिसावरच्या मुलीला तिथे दार जवळजवळ बंदच. म्हणून कर्ज काढण्याआधी नोकरी कुठे करायचीय ते घरी बसून नीट बोला. तोपर्यंत शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट फ्लुइड किंवा स्ट्रक्चर्समधला घे, अर्जात तोच आधी बघतील.