आमचं टूल म्हणजे काय रणगाडा आहे का?

प्रश्न: सर नमस्कार, आम्ही चौघं मित्र पुण्यात पेन टेस्टिंग करतो, म्हणजे क्लायंटच्या परवानगीने त्याच्याच सिस्टीमवर हल्ला करून कुठे भोक आहे ते दाखवायचं. आता स्वतःचं टूल बनवलंय आणि जर्मनीतल्या एका कंपनीला ते हवंय. तर आमचे सीए म्हणतात आधी स्कोमेट बघा, लायसन्स लागेल कदाचित. आम्ही काय रणगाडे विकतोय का? हे नेमकं प्रकरण काय आहे? – एक वाचक, पुणे

उत्तर: रणगाडे नाही हो, पण सीएंचं म्हणणं उडवून लावू नका. स्कोमेट ही डीजीएफटीची (आयात-निर्यात बघणारं केंद्राचं खातं) यादी, ज्या गोष्टी साध्या धंद्यालाही लागतात आणि लष्करालाही, त्या बाहेर पाठवायच्या तर परवानगी काढावी लागते. 2017 मध्ये त्यात कॅटेगरी 8 भरली, कॉम्प्युटर, टेलिकॉम, इन्फर्मेशन सिक्युरिटी सगळं त्यात आलं आणि त्याच डिसेंबरात भारत वासेनार करारात, म्हणजे शस्त्रं आणि अशा दुहेरी वापराच्या वस्तूंच्या निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या देशांच्या गटात, 42वा मेंबर म्हणून शिरला. (वासेनार हे हेगजवळचं गाव, ऑफिस मात्र व्हिएन्नात.) आणि पेनड्राइव्ह घेऊन विमानात बसायलाच पाहिजे असं नाही, ईमेलने पाठवलंत तरी ते एक्स्पोर्टच.

तुमची भानगड सुरू होते 2013 पासून. त्या वर्षी वासेनारच्या यादीत (आपली कॅटेगरी 8 तिच्यावरच बेतलेली) इंट्रुजन सॉफ्टवेअरचा, म्हणजे सुरक्षा चुकवून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरणाऱ्या सॉफ्टवेअरचा, विषय आला. हेतू चांगलाच होता, युरोपातल्या काही कंपन्या पाळत ठेवायचं सॉफ्टवेअर हुकूमशाही सरकारांना विकत होत्या आणि पत्रकार, कार्यकर्ते त्यात भरडले जात होते. पण शब्द लिहिले एक्स्पोर्ट कंट्रोलवाल्यांनी, रोज बग (सॉफ्टवेअरमधल्या चुका) शोधणाऱ्यांना फारसं कोणी विचारलं नाही. मग मे 2015 मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने त्यावरून नियमाचा मसुदा काढला आणि एकच बोंबाबोंब झाली. 250 च्या वर हरकती आल्या. लोकांचा प्रश्न साधा होता, दुसऱ्या देशातल्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये मला भोक सापडलं आणि मी त्यांना मेल केला तर आधी लायसन्स काढू का? तोवर चोर घरात शिरून जेवूनही जाईल!

पुढे जे झालं ते मला महत्त्वाचं वाटतं. खात्याने मसुदा रेटला नाही, पुन्हा वाटाघाटीला गेले आणि यावेळी शिष्टमंडळात केटी मुसुरिससारख्या बग शोधणाऱ्या जगातल्या माणसांनाही घेतलं. डिसेंबर 2017 ला करारात सूट लिहिली गेली, सॉफ्टवेअरमधलं भोक संबंधितांना कळवणं आणि सायबर हल्ल्यावर उपाय करणं यासाठी माहिती देता येते. अमेरिकेचा स्वतःचा नियम यायला मात्र ऑक्टोबर 2021 उजाडलं. म्हणजे आधी न विचारल्यामुळे आठ वर्षं गेली बघा. आपल्याकडे एप्रिल 2022 ला सर्ट-इनने (सायबर सुरक्षा बघणारी केंद्राची संस्था) सहा तासांत सायबर हल्ल्याची घटना कळवा, लॉग म्हणजे सिस्टीममधल्या हालचालींच्या नोंदी 180 दिवस ठेवा असं सांगितलं तेव्हाही असाच गलका झाला, नंतर प्रश्नोत्तरं काढावी लागली आणि छोट्या उद्योगांना सप्टेंबरपर्यंत मुदत वाढवून मिळाली.

आता तुमच्याबद्दल. करारातल्या व्याख्येत डीबगर (प्रोग्राममधल्या चुका शोधायचं टूल), रिव्हर्स इंजिनिअरिंगची (तयार सॉफ्टवेअर उलगडून बघायची) टूल्स येत नाहीत, आणि गंमत म्हणजे इंट्रुजन सॉफ्टवेअर स्वतः यादीत नाही, ते तयार करणारी, पोचवणारी, दुरून चालवणारी सिस्टीम यादीत आहे. त्यामुळे तुमचं टूल फक्त स्कॅन करून रिपोर्ट देतं की शिरकाव करून आतल्या मशीनला हुकूम सोडतं, यावर सगळं अडलंय. ते एका पानावर साध्या भाषेत लिहून काढा, कॅटेगरी 8 च्या ताज्या मजकुराशी ताडून बघा आणि शंका राहिलीच तर डीजीएफटीलाच विचारा. अर्ज करायची वेळ आली तर तो वेगवेगळ्या खात्यांच्या समितीपुढे जातो, वेळ लागतो, तेव्हा जर्मनीवाल्यांना डिलिव्हरीची तारीख आत्ताच देऊन बसू नका.