पुढच्या दहा वर्षांत जास्त वाढेल ते शहर कुठलं: रॉली, हंट्सव्हिल, बॉयसी की बेंटनव्हिल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघंही एच-१बीवर (नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर), आयटीत, सध्या न्यू जर्सीत, तिथल्या घरांच्या किमती आणि मालमत्ता कर झेपत नाही, म्हणून या चारपैकी एका शहरात जाऊन घर घ्यायचं आहे, आणि पुढे वाढेल असंच शहर हवं आहे. माझा क्रम आधी सांगतो. तुमच्या परिस्थितीत नॉर्थ कॅरोलायनातलं रॉली (शेजारच्या डरॅमसकट) पहिलं, मग आर्कान्सातलं बेंटनव्हिल, मग आयडाहोतलं बॉयसी, शेवटी अलाबामातलं हंट्सव्हिल. ग्रीन कार्ड हातात असतं तर हंट्सव्हिल दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं असतं.

प्रश्नात एक गल्लत आहे, ती सुरुवातीलाच सोडवू. शहर वाढणं आणि त्या शहरातल्या तुमच्या घराची किंमत वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिथे मोकळी जमीन भरपूर आणि परवाने पटापट मिळतात, तिथे माणसं येत राहतात, पण घरंही त्याच वेगाने उभी राहतात आणि भाव दबून राहतात. ऑस्टिन बघा: लोकसंख्या वाढते आहे, पण प्रचंड बांधकामामुळे २०२२ च्या शिखरावरून भाडी आणि किमती दोन्ही खाली आल्या. दहा वर्षं राहायला अशी शहरं उत्तम असतात, तीन वर्षांत विकून नफा काढायला नाहीत.

आता तुलना कशी करायची ते. पहिली चूक बहुतेक जण शहराच्या हद्दीतली लोकसंख्या धरून करतात. साउथ कॅरोलायनातलं ग्रीनव्हिल २०२० च्या जनगणनेत जेमतेम ७१ हजारांचं, पण त्याचा महानगर विभाग (मुख्य शहर आणि नोकऱ्यांनी त्याच्याशी जोडलेल्या काउंट्या, म्हणजे जिल्हे) सव्वानऊ लाखांचा. हंट्सव्हिलने शेजारच्या लाइमस्टोन काउंटीतली जमीन हद्दीत घेतली आहे, तेव्हा तिथली काही वाढ नुसती हद्दवाढ आहे. म्हणून नेहमी महानगर विभाग धरा. २०२० मध्ये रॉली विभाग १४.१४ लाख (दहा वर्षांत सुमारे २५ टक्के वाढ), बॉयसी ७.६५ लाख (२४ टक्के), बेंटनव्हिल ज्यात येतं तो फेएटव्हिल विभाग ५.४७ लाख (२४ टक्के), हंट्सव्हिल ४.९२ लाख (१८ टक्के). डरॅम हा रॉलीपासून वेगळा विभाग मोजला जातो, पण रिसर्च ट्रँगल पार्क या दोघांमधल्या कंपन्यांच्या मोठ्या वसाहतीचा बहुतेक भाग डरॅम काउंटीत आहे, तेव्हा दोन्हींची बेरीज करा. शिवाय २०२३ मध्ये विभागांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या. जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवण्याआधी त्यात काउंट्या त्याच आहेत ना, हे तपासा.

टक्केवारीपेक्षा माणसं का आली हे महत्त्वाचं. सेन्सस ब्युरो दरवर्षी काउंटीनिहाय अंदाज देतो, त्यात जन्म-मृत्यूतला फरक, देशांतर्गत स्थलांतर आणि परदेशातून आलेले असे वेगळे रकाने असतात. देशांतर्गत स्थलांतर मोठं असेल तर लगेच नोकऱ्यांची तिमाही आकडेवारी उघडा. ती श्रम विभागाची असते, बेरोजगारी विम्याच्या नोंदींवरून बनते आणि ९५ टक्क्यांहून अधिक नोकऱ्या तिच्यात येतात. माणसं वाढली आणि चांगल्या पगाराच्या नोकऱ्याही वाढल्या, तर पाया पक्का. नुसती माणसं वाढली तर ती स्वस्त घरासाठी आलेली असतात, आणि घर महागलं की तो ओघ आटतो.

बॉयसीत २०२०-२२ मध्ये हेच झालं. घरून काम करणारी मंडळी कॅलिफोर्नियातले पगार आणि तिथलं घर विकून आलेले पैसे घेऊन आली. किमती स्थानिक पगारांच्या कितीतरी पुढे गेल्या, आणि गृहकर्जाचा दर २०२१ मधल्या तीन टक्क्यांच्या आसपासून २०२३ च्या अखेरीकडे पावणेआठला भिडला तेव्हा घसरल्या. सोपा हिशोब: घराची मध्यम किंमत भागिले कुटुंबाचं मध्यम उत्पन्न. उत्तर चारच्या आत असेल तर वाढायला वाव आहे, पाचच्या वर गेलं की सावध व्हा.

दुसरा हिशोब परवान्यांचा. वर्षभरात दिलेले घरबांधणीचे परवाने दर हजार लोकसंख्येमागे किती ते काढा. देशाची सरासरी हल्ली चार-साडेचार आहे. मग वर्षाला वाढलेली माणसं अडीचने भागा, तेवढी घरं लागतात. २० हजार माणसं वाढली तर ८ हजार घरं. परवाने ११ हजार निघाले तर पुढची दोन-तीन वर्षं भाव वाढणार नाहीत. ५ हजारच निघाले तर भडकतील आणि मग शहराची वाढ मंदावेल.

तिसरी गोष्ट कुणी बघत नाही, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. प्रत्येक मोठं शहर आपला वार्षिक वित्तीय अहवाल संकेतस्थळावर टाकतं. त्याच्या शेवटच्या, सांख्यिकी भागात नोकऱ्या देणाऱ्या दहा सर्वांत मोठ्या मालकांचा तक्ता असतो: या वर्षी किती कर्मचारी आणि नऊ वर्षांपूर्वी किती. दोन्ही बाजू शेजारी ठेवा. पहिला मालक दुसऱ्याच्या कितीतरी पट मोठा असेल तर शहर एका खांबावर उभं आहे.

हंट्सव्हिलचा खांब म्हणजे रेडस्टोन आर्सेनल हा लष्करी तळ. लष्कर, नासाचं मार्शल केंद्र, क्षेपणास्त्रं, एफबीआय, सगळं तिथेच. पैसा केंद्र सरकारचा, त्यामुळे मंदीत टिकतो, पण राजकारणावर हलतो. स्पेस कमांड या लष्कराच्या अंतराळ विभागाचं मुख्यालय जानेवारी २०२१ मध्ये हंट्सव्हिलला जाहीर झालं, २०२३ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्सलाच ठेवायचं ठरलं, सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा हंट्सव्हिलला जाहीर झालं. माझदा-टोयोटाचा कारखाना २०२१ पासून सुरू आहे, टेनेसी नदीमुळे पाण्याची ददात नाही, अलाबामाचा मालमत्ता कर देशातल्या सर्वांत कमींपैकी. वाढीच्या दृष्टीने भक्कम शहर. तुमची अडचण एवढीच की संरक्षण खात्याच्या गोपनीय कामाला अमेरिकन नागरिकत्व लागतं आणि निर्यात-नियंत्रणाखालच्या (परदेशी हाती जाऊ न द्यायच्या तंत्रज्ञानाच्या) कामालाही सहसा किमान ग्रीन कार्ड. एच-१बीवर तिथल्या चांगल्या नोकऱ्यांचा मोठा हिस्सा तुमच्यासाठी बंद आहे.

बेंटनव्हिलला वॉलमार्ट, शेजारी स्प्रिंगडेलला मांस विकणारी टायसन, लोवेलला मालवाहतूक करणारी जे. बी. हंट. वॉलमार्टला माल पुरवणाऱ्या कंपन्यांचीही कार्यालयं आसपास. २०२४ मध्ये वॉलमार्टने डॅलस, अटलांटा, टोरँटोतल्या कर्मचाऱ्यांना मुख्यतः बेंटनव्हिलला हलायला सांगितलं आणि जानेवारी २०२५ मध्ये नवं मुख्यालय उघडलं, म्हणजे मागणी खरी आहे. पण नोकरी गेली तर एच-१बीवर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि एवढ्यात त्याच गावात तुमच्या कामाचा दुसरा मालक सापडेलच असं नाही. बॉयसीत हीच गत मायक्रॉनची. कंपनीने २०२२ मध्ये तिथे १५ अब्ज डॉलरचा चिप कारखाना जाहीर केला, पण मेमरी चिपचा धंदा चढउतारांचा आहे आणि २०२३ च्या घसरणीत कंपनीने कपात केलीच.

रॉली-डरॅम मी वर ठेवतो ते याच ६० दिवसांमुळे. १९५९ पासूनचं रिसर्च ट्रँगल पार्क, तीन मोठी विद्यापीठं, राज्याची राजधानी, सिस्को, आयबीएम, एसएएस, होली स्प्रिंग्सकडे अॅमजेन आणि फुजीफिल्मची औषधनिर्मिती. एक दार बंद झालं तर घर न सोडता दुसरं ठोठावता येतं. केरी-मॉरिसव्हिलला भारतीय वस्तीही मोठी आहे. मॉरिसव्हिलच्या मैदानावर मेजर लीग क्रिकेटचे सामने झाले आहेत. तरी तिथल्या घोषणांवर जाऊ नका. अॅपलने २०२१ मध्ये जाहीर केलेलं संकुल २०२४ मध्ये लांबणीवर पडलं, विनफास्टचा मोटार कारखानाही पुढे ढकलला गेला. जाहीर झालेल्या नोकऱ्या शून्य धरा. जमिनीवर पाया दिसला की निम्म्या मोजा.

व्हिसाचा भाग घराच्या आधी उरका. त्याच कंपनीत राहून दुसऱ्या महानगर विभागात जायचं असेल तरी कामाला लागण्याआधी एच-१बीची सुधारित याचिका दाखल व्हावी लागते. ग्रीन कार्डसाठीचं श्रम प्रमाणपत्र (त्या जागी अमेरिकन उमेदवार मिळाला नाही, असं श्रम विभागाचं प्रमाणपत्र) ठिकाणाशी बांधलेलं असतं, त्यामुळे ते बहुधा नव्याने करावं लागेल. आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर असेल तर जुनी प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तुमची तारीख) सहसा टिकते. तो मंजूर नसेल तर मंजुरीपर्यंत न्यू जर्सी सोडू नका असंच मी सांगेन.

घर बघताना रॉलीच्या पूर्व-दक्षिणेकडचे नवे प्लॉट स्वस्त दिसतील. तिथे बिल्डरला एकच विचारा: याच भागाचे अजून किती टप्पे बाकी आहेत? तीनशे घरं बाकी असतील तर तुम्ही विकायला काढाल तेव्हा समोरच तोच बिल्डर नवं कोरं घर, वर कमी व्याजाचं आमिष दाखवून विकत असेल. त्यापेक्षा शेवटच्या टप्प्यातलं किंवा दहा-पंधरा वर्षं जुनं, रिसर्च ट्रँगल पार्कपासून अर्ध्या तासाच्या आतलं घर थोडं महाग पडलं तरी घ्या. आणि सही करण्याआधी त्याच पत्त्यावर घराच्या विम्याचा दर मागवा.