रीबिल्ड मध्येच थांबला तर

प्रश्न : सांगलीत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचे फोटो डेबियन लिनक्सच्या मशीनवर, 4 टीबीच्या चार डिस्कच्या रेड 5 मध्ये ठेवतो (चार डिस्क मिळून एक ॲरे, त्यातली एक गेली तरी डेटा राहतो). एक डिस्क गेली, नवी घातली. रीबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं, 37 टक्क्यांवर असताना दुसरीही बाहेर पडली आणि ॲरे बंद झाला. एमडीएडीएमच्या (लिनक्समध्ये रेड सांभाळणारा प्रोग्रॅम) ‘क्रिएट’ कमांडने ॲरे नव्याने बनवा, असं एकाने सांगितलं. बनवू का?

उत्तर : मुळीच नको. ‘क्रिएट’ने सुपरब्लॉक, म्हणजे प्रत्येक डिस्कवरची ॲरेची नोंद, नव्याने लिहिला जातो. डिस्कचा क्रम किंवा चंक साइज (डेटाचे तुकडे केवढे, ते) चुकली आणि त्यावर रीबिल्ड सुरू झाला, की शाबूत डेटाही जातो. अशी एक मशीन माझ्याकडे आली होती. मालकांनी ती कमांड दोनदा चालवली होती. आत त्यांच्या मुलीच्या बारशापासूनचे फोटो होते आणि मला एकही काढता आला नाही. ते अजून सलतं.

तुमची दुसरी डिस्क बहुधा पूर्ण मेलेली नाही. स्मार्टसीटीएल या डिस्कची तब्येत सांगणाऱ्या कमांडने तिचा रिपोर्ट काढा. 197 नंबरचा ‘करंट पेंडिंग सेक्टर’ शून्याच्या वर असेल, तर काही सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) वाचता येत नाहीत. नुसता 199 (डेटा नेताना झालेल्या चुकांची मोजणी) वाढत असेल, तर आधी साटा केबल बदला.

सेक्टर खराब असतील तर डीडीरेस्क्यू या खराब डिस्कची नक्कल काढणाऱ्या प्रोग्रॅमने, मॅप फाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) ठेवून, ती डिस्क कोऱ्या डिस्कवर उतरवा; हा झाला क्लोन. रात्रभर लागेल, लागू दे. मग मूळ डिस्क काढून ठेवा. मूळ डिस्क आणि क्लोन, दोघींवर एकच ओळख असते, एकत्र लावल्या तर घोळ होतो. क्लोन आणि उरलेल्या दोन चांगल्या डिस्क घेऊन ‘असेंबल फोर्स’ करा, म्हणजे आहे तोच ॲरे जबरदस्तीने जोडा. त्याआधी ‘एक्झामिन’ने तिन्हींचे इव्हेंट काउंट (ॲरेतल्या बदलांची मोजणी) जुळतात का ते पाहा, थोडा फरक चालतो. माउंट रीड-ओन्लीच (फक्त वाचण्यापुरतं) करा, फोटो दुसरीकडे उतरवा, रीबिल्ड त्यानंतर.

हे झालं कसं? साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टरवर मिनिट-दोन मिनिटं झटत बसते, पण कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, 30 सेकंदच थांबतो. डिस्क उत्तर देत नाही म्हटल्यावर ती बाहेर फेकली जाते. डिस्क मानत असेल तर ‘एससीटी ईआरसी’ (खराब सेक्टरवर डिस्कने किती वेळ झटायचं, ते सेटिंग) 70 ठेवा, म्हणजे 7 सेकंद; नाहीतर कर्नलचा टाइमआउट 180 सेकंद करा. हे बूटच्या वेळी आपोआप लागेल असं पाहा, नाहीतर मशीन बंद-चालू केल्यावर सेटिंग जातं.

आणि पहिली गेलेली डिस्क भंगारात टाकू नका. क्लोनमध्ये जे सेक्टर रिकामे राहतील, त्यातले काही तिच्यावरून मिळू शकतात.