रेसिडेन्सीतलं काम आणि गॅलरीतली भिंत

प्रश्न : मी व्हिडिओ आणि ध्वनी घेऊन काम करते. सध्या एका रेसिडेन्सीत, म्हणजे कलाकारांनी काही काळ राहून काम करायच्या उपक्रमात, आहे; शेवटी तिथल्याच गॅलरीत प्रदर्शन आहे. अर्जात लिहिलेली कल्पना आता मागे पडली आहे; रोज काही वेगळंच हाती लागतंय. ठरलेलं पूर्ण करू, की नव्याच्या मागे जाऊ?

उत्तर : नव्याच्या मागे जा. अर्जातून तुमच्या विचाराची दिशा कळते. तो काही कामाचा आराखडा नव्हे. बदल मात्र संयोजकांना चार ओळींत आताच लेखी कळवा. प्रदर्शनाच्या तोंडावर कळलं, तर त्यांचीही धावपळ होते.

माझा आग्रह दुसऱ्याच गोष्टीचा आहे. गॅलरीची ती खोली याच आठवड्यात पाहून या. व्हिडिओ कलाकार नलिनी मलानी यांना लंडनच्या नॅशनल गॅलरीची फेलोशिप मिळाली, त्यातून 2023 साली तिथे ‘माय रिॲलिटी इज डिफरंट’ हे प्रदर्शन झालं. संग्रहातल्या जुन्या चित्रांवर त्यांनी आयपॅडवर बोटाने रेखाटून ॲनिमेशन केली आणि नऊ प्रोजेक्टरमधून ती भिंतींवर सोडली. प्रतिमा एकमेकींवर चढतात, मिसळतात, त्या भिंतीवरच. सुट्या फाइली कितीही पाहिल्या तरी ते काम दिसणार नाही. तुमचंही बरंचसं काम त्या खोलीतच घडायचं आहे.

खोलीत गेलात की मधोमध उभ्या राहून एक टाळी वाजवा. आवाज रेंगाळला, तर तुमच्या ध्वनीतले बोललेले शब्द तिथे गिचमिड होतील. मग जाड पडदे, गालिचा, नाहीतर सरळ हेडफोन. शेजारच्या दालनात कुणाचा आवाज असणार आहे, तेही विचारा. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (भिंतीपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) 1.5 असेल, तर दोन मीटर रुंद चित्रासाठी तीन मीटर अंतर लागतं. तेवढं मागे सरकायला जागा आहे का? प्रोजेक्टर उंचावर टांगता येईल का? नाहीतर प्रत्येक प्रेक्षकाची सावली तुमच्या चित्रावर पडेल. ती हवीच असेल, तर गोष्ट वेगळी.

बहुतेक माणसं व्हिडिओच्या मध्येच आत येतात. म्हणून लूपचा सांधा, म्हणजे व्हिडिओ संपून पुन्हा सुरू होतो ती जागा, मन लावून घडवा. शेवट आणि सुरुवात यांच्यामध्ये क्षणभर काळा पडदा आला, की माणूस ‘संपलं’ समजून निघतो. एवढ्या मेहनतीच्या कामाला असा निरोप मिळू नये, असं मला मनापासून वाटतं.

वह्या, कच्चे आराखडे टेबलावर मांडायचा मोह होईल. माझं मत विचाराल, तर नको. काम उभं असेल, तर त्याला वह्यांचा टेकू लागत नाही.

उद्घाटनाआधी गॅलरीतल्या कर्मचाऱ्यांसमोर मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करून दाखवा. सगळं आपोआप सुरू झालं पाहिजे. रोज सकाळी ते चालू करणार आहेत, तुम्ही नाही. आणि प्रदर्शनानंतर काम कुणाकडे राहणार, फाइली कोण वापरू शकणार, हे करारात नसेल, तर आताच लिहून घ्या.