चार महिने अमेरिकेच्या प्रयोगशाळेत जायचंय, बी-१ चालेल की जे-१ लागेल?

तुमची पीएचडी झालीय, खारघरला संशोधन करता, अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने चार महिन्यांसाठी बोलावलंय आणि एजंट म्हणतोय बी-१ (कामानिमित्त छोट्या भेटीचा व्हिसा) काढा. नका काढू. परिषदेला जायला बी-१ ठीक आहे. यजमानांच्या प्रयोगशाळेत, त्यांच्या प्रकल्पावर काम करायचं तर जे-१ हा आदानप्रदान कार्यक्रमाचा व्हिसाच हवा, पगार असो वा नसो.

जे-१ची सुरुवात तिकडून होते. विद्यापीठ डीएस-२०१९ हा जे-१साठीच्या पात्रतेचा फॉर्म काढतं. त्यात श्रेणीचा रकाना असतो आणि सगळी मेख तिथेच आहे. चार महिन्यांसाठी ‘शॉर्ट टर्म स्कॉलर’ मागा. ती सहा महिन्यांपर्यंतच मिळते, वाढवून मिळत नाही. ‘रिसर्च स्कॉलर’ पाच वर्षांपर्यंत चालते, म्हणून लोकांना तीच बरी वाटते. पण ती चार महिन्यांत संपवून परतलात, तरी पुढचे २४ महिने त्या श्रेणीत पुन्हा जाता येत नाही. पुढच्या वर्षी तिथेच ही श्रेणी लागणारी पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधनपद) मिळाली तर काय कराल? फॉर्म निघण्याआधीच ईमेल टाकून श्रेणी पक्की करा.

पैसा कुणाचा, हेही बघा. भारत किंवा अमेरिका सरकारच्या फेलोशिपवर जाणार असाल, तर परतल्यावर दोन वर्षं भारतात काढल्याशिवाय (किंवा सूट मिळवल्याशिवाय) एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वा ग्रीन कार्ड मिळत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये भारत ‘स्किल्स लिस्ट’मधून (कुठल्या देशाला कुठल्या विषयांतल्या माणसांची गरज आहे, याची अमेरिकेची यादी) निघाला, त्यामुळे केवळ विषयामुळे लागणारी अट गेली, सरकारी पैशाची मात्र तशीच आहे.

नावाचा घोळ आपल्याकडे हमखास होतो. पासपोर्टवर सासरचं आडनाव, शोधनिबंधांवर माहेरचं. डीएस-२०१९वर पासपोर्टप्रमाणेच नाव हवं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जसं छापलंय तसं. माहेरचं नाव डीएस-१६०मध्ये (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) ‘आधीची नावं’ या प्रश्नाखाली द्या आणि विवाह प्रमाणपत्र जवळ ठेवा.

मग सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थी-संशोधकांची अमेरिकेतली नोंदणी) २२० डॉलर भरा, पावती छापा. व्हिसाचे १८५ डॉलर वेगळे. डीएस-१६० दुरुस्तीसाठी नव्याने भरलात, तर त्याचा क्रमांकही बदलतो. अपॉइंटमेंटच्या प्रोफाइलमध्ये नवा टाका, नाहीतर दारातूनच परत पाठवतात. जून २०२५पासून जे-१वाल्यांनी समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायची आहेत.

बोटांचे ठसे आणि मुलाखत, दोन्ही मुंबईत बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुल) पण वेगवेगळ्या ठिकाणी. हार्बरने कुर्ल्याला उतरून जाणार असाल तर गर्दीचा वेळ धरून निघा, आणि वकिलातीत मोबाइल नेता येत नाही, हे लक्षात ठेवा.

सोबत बायोडेटा, शोधनिबंधांची यादी, निमंत्रणपत्र आणि एका पानाची संशोधन योजना न्या. ही योजना मनापासून लिहा. ‘विषाणू’, ‘अणु’, ‘ड्रोन’, ‘एआय’ असे शब्द संदर्भाविना आले की अर्ज २२१(जी) या कलमाखाली अडकून जादा तपासणीला जाऊ शकतो आणि मग आठवडेच काय, महिनेही लागतात. काय मोजणार, कशावर, आणि त्याचा उपयोग कुणाला, हे तुमचा विषय न शिकलेल्या माणसाला कळेल असं लिहा. विषय खरंच संवेदनशील असेल तर लपवू नका, मुलाखतीची तारीख लवकरची घ्या.

व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं तिकीट काढू नका. डीएस-२०१९वरच्या सुरुवातीच्या तारखेआधी जास्तीत जास्त ३० दिवस तिथे उतरता येतं. उशीर होतोय असं दिसलं, तर ती तारीख पुढे ढकलायला विद्यापीठाला वेळेत सांगा.